स्विच गप्प बसला तर

पुण्याहून मुंबईला निघालेली गाडी खंडाळा मागे टाकून घाट उतरू लागते आणि थोड्याच वेळात भर जंगलात उभी राहते. कधी मंकी हिलला, कधी ठाकूरवाडीला. तिथे ना कुणाला चढायचं असतं, ना उतरायचं. नवखा प्रवासी खिडकीतून डोकावून सिग्नलच्या नावाने बोटं मोडतो. रोजचा पासवाला पेपरातून मान वर काढत नाही. गाडी अडलेली नाही, तिची परीक्षा चालू आहे, हे त्याला ठाऊक असतं.

बोरघाटातला रेल्वेचा उतार ३७ला १ आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर खाली. रस्त्याच्या हिशेबात हा उतार किरकोळ वाटेल. पण पोलादी रुळावर पोलादी चाक फार कमी घर्षणाने धावतं, आणि त्या चाकांवर शेकडो टन बसलेले असतात. म्हणून घाटात ठरावीक जागी मुख्य मार्गाला आंधळे फाटे काढले आहेत. रेल्वेच्या भाषेत कॅच सायडिंग. हा फाटा डोंगराच्या अंगावर चढत जातो आणि तिथेच संपतो. गाडीची वाट बदलणारा सांधा एरवी या फाट्यालाच लावून ठेवलेला असतो. उतरणारी गाडी सिग्नलपाशी पूर्ण थांबली, म्हणजे तिचे ब्रेक शाबूत आहेत हे दिसलं, की मगच सांधा कर्जतच्या वाटेला वळतो. थांबली नाही तर ती आपोआप फाट्यावर चढते आणि चढावर तिचा वेग संपतो.

प्रत्येक गाडी सुटलेलीच आहे असं धरून चालायचं, आणि नाही हे तिने सिद्ध करायचं, असा हा हिशेब आहे. सांधा नीट लागला का, गाडी खरंच थांबली का, पुढचा रूळ मोकळा आहे का, या सगळ्याची खबर देतात ते स्विच. कुठे धातूची एक पट्टी दुसरीला टेकते, कुठे रिले या विद्युतचुंबकी स्विचचा आर्मेचर खाली पडतो, कुठे चाकाखालून प्रवाह वळतो. घाटातली सुरक्षितता शेवटी या बारीकसारीक स्पर्शांवर उभी आहे. आणि स्पर्श म्हटला की तो कधीतरी चुकणारच.

उतार, त्यावरून घरंगळणारं पोलाद आणि त्याची खबर देणारे स्विच, हा त्रिकोण आणखी एका यंत्रात जसाच्या तसा सापडतो. ते यंत्र म्हणजे पिनबॉल. घाटातल्या बिघाडांचं व्याकरण शिकायला त्याच्याइतकी सोपी शाळा नाही. तिथे चूक झाली तर फक्त खेळ बिघडतो.

साडेसहा अंशांचा उतार

आपल्याकडच्या बहुतेकांना पिनबॉल भेटला तो संगणकावर. विंडोज एक्सपीच्या काळात कार्यालयांत आणि सायबर कॅफेत ‘स्पेस कॅडेट’ नावाचा निळसर पिनबॉल असायचा. विंडोज व्हिस्टा आली आणि तो गायब झाला. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी पुढे त्याचं कारण सांगितलं. तो खेळ ६४-बिट यंत्रणेवर नेताना चेंडू अडथळ्यांना न धडकता त्यांच्या आरपार जाऊ लागला. धडक ओळखणारा भागच चुकत होता, आणि बाहेरून घेतलेल्या त्या जुन्या प्रोग्रॅममध्ये चूक नेमकी कुठे आहे ते सापडेना. म्हणून खेळच काढून टाकला. धडक झाली, पण यंत्राला ती कळली नाही. स्विचच्या बिघाडाचं याहून नेटकं उदाहरण शोधूनही मिळायचं नाही.

खरं यंत्र लाकडी पेटीचं, चार पायांवर उभं. वरच्या काचेखाली खेळाची फळी, साधारण साडेसहा अंशांनी खेळणाऱ्याकडे उतरती. बोरघाटाच्या भाषेत सांगायचं तर जवळजवळ ९ला १. तिच्यावरून २७ मिलिमीटर व्यासाची, सुमारे ८० ग्रॅम वजनाची पोलादी गोळी धावते. १९४७ साली गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात हॅरी मॅब्ज यांनी फ्लिपर आणले, आणि गोळीला वर टोलवणं खेळणाऱ्याच्या हाती आलं. त्याआधी हा बराचसा नशिबाचा खेळ होता. त्यामुळेच न्यूयॉर्क शहराने १९४२मध्ये त्याला जुगार ठरवून बंदी घातली. ती १९७६पर्यंत टिकली. रॉजर शार्प यांनी नगरपरिषदेसमोर यंत्र खेळून दाखवलं, गोळी कुठे जाणार ते आधी सांगितलं, आणि ती तिथेच गेली.

काच आणि फळी उचलली की खालचा पसारा दिसतो. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतच्या यंत्रांत संगणक नव्हता. होते ते रिले, पायरीपायरीने फिरणारी चाकं, गुणांची मोटर आणि शेकडो पातळ पट्ट्यांचे स्विच. गोळी एखाद्या तारेवरून गेली की दोन पट्ट्या टेकतात, रिले ओढला जातो, घंटा वाजते, गुण सरकतात. १९७७च्या सुमारास बॅली आणि विल्यम्स या शिकागोच्या कंपन्यांनी मायक्रोप्रोसेसर बसवला आणि रिलेंची भिंत सर्किटच्या एका पाटीत मावली. पट्ट्यांचे स्विच मात्र तसेच राहिले. अक्कल नवी आली, पण खबर आणणारे जुनेच.

पिनबॉल बिघडतो तेव्हा मेंदू क्वचितच दोषी असतो. नव्याने हात घालणारा माणूस आधी महागडी पाटी बदलतो. अनुभवी माणूस आधी गोळ्या बाहेर काढतो, दार उघडून यंत्र चाचणीच्या अवस्थेत नेतो आणि बोटाने एकेक स्विच दाबत जातो. यंत्र त्याचा क्रमांक सांगतं. सांगितलेला क्रमांक आणि दाबलेला स्विच जुळतात का, एवढंच पाहायचं.

सोळा तारा, चौसष्ट साक्षीदार

संगणकी पिनबॉलमध्ये प्रत्येक स्विचला वेगळी तार दिलेली नसते. आठ उभ्या आणि आठ आडव्या ओळींची जाळी असते. प्रत्येक छेदावर एक स्विच, म्हणजे सोळा तारांत चौसष्ट स्विच. प्रोसेसर उभ्या ओळींना एकामागून एक हाक मारतो आणि आडव्या ओळींवर उत्तर ऐकतो. तिसऱ्या उभ्या ओळीला हाक मारताना पाचव्या आडव्या ओळीतून उत्तर आलं, तर त्या छेदावरचा स्विच मिटला आहे. हे सेकंदाला कितीतरी वेळा चालतं.

जाळी कळली की बिघाडाचा आकारच त्याची जागा सांगतो. एकच स्विच मुका असेल तर दोष त्याच्यापाशी: पट्टी वाकली, टोकावर मळ बसला किंवा डाग सुटला. अख्खी उभी किंवा आडवी ओळ मेली असेल तर एकेका स्विचकडे पाहणं व्यर्थ. तार ओळीतल्या पहिल्या स्विचवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाते. ती सुरुवातीलाच तुटली की पुढचे सगळे गप्प. नाहीतर जोडणीची पिन सैल असते, किंवा पाटीवरची चिप गेलेली असते. ओळ अर्धीच मेली असेल तर त्याहून बरं. शेवटचा बोलणारा आणि पहिला गप्प स्विच यांच्यामधल्या वीतभर तारेत चोर सापडतो.

खरी पंचाईत होते ती स्विच मुका नसून वाचाळ असतो तेव्हा. प्रत्येक स्विचसोबत एक डायोड असतो. प्रवाह एकाच दिशेने जावा म्हणून. तो आतून जळून दोन्ही बाजूंनी मोकळा झाला तर जाळीत आडवाटा तयार होतात. एखाद्या चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरचे स्विच एकाच वेळी मिटले की चौथ्या कोपऱ्यावरचा, कुणी न दाबलेला स्विच यंत्राला मिटलेला दिसतो. गोळी डाव्या कोपऱ्यात आणि गुण उजव्या लक्ष्याचे. अशा वेळी ज्याच्या नावाने बोंब आहे तो स्विच उघडून काहीच हाती लागत नाही, कारण तो निर्दोष असतो. दोष उरलेल्या तिघांपैकी एकाच्या डायोडमध्ये असतो.

दोष पाटीत की फळीत, याचा निवाडा करायला एक जुनी युक्ती आहे. फळीकडून येणाऱ्या जोडण्या काढून टाकायच्या. एका तुकडा तारेला डायोड लावून पाटीवरची उभ्या ओळीची पिन आडव्या ओळीच्या पिनेला टेकवायची. पाटीने योग्य क्रमांक सांगितला तर ती निर्दोष, आणि शोध फळीखाली. यंत्राचे दोन भाग करा, कोणत्या भागात दोष आहे ते ठरवा, मग त्या भागाचे पुन्हा दोन करा. चौसष्टातून एक शोधायला असे सहा प्रश्न पुरतात.

स्विच साफ करण्याचेही नियम आहेत. कमी दाबाच्या स्विचच्या टोकांवर सोन्याचा मुलामा असतो. त्यावर कानस फिरवली की मुलामा जातो आणि बिघाड कायमचा घरात येतो. तिथे जाड कागदाची पट्टी, जुनं व्हिजिटिंग कार्ड, दोन टोकांमध्ये धरून अलगद ओढायचं. फ्लिपरच्या शेवटाचा स्विच मात्र वेगळा. त्यातून जोराचा प्रवाह वाहतो, ठिणगी पडते, टोकं काळी होतात. जुन्या यंत्रांत त्याला कानस चालते. हा स्विच एरवी मिटलेला असतो आणि फ्लिपर वर पोहोचला की उघडतो. मळला तर फ्लिपर लुळा पडतो. उघडलाच नाही तर फ्लिपरच्या गुंडाळीतून पूर्ण प्रवाह वाहत राहतो आणि ती जळते. पट्टी वाकवण्याआधी तिच्या थराचे स्क्रू घट्ट करायचे, हा आणखी एक नियम. सैल थरावर केलेलं समायोजन चार खेळही टिकत नाही.

पिनबॉलच्या या साऱ्या कारभारात एक गोष्ट पक्की धरलेली असते. शांतता म्हणजे काही घडलं नाही. जवळजवळ सगळे स्विच एरवी उघडे असतात आणि गोळी आली की मिटतात. तार तुटली तर स्विच गप्प राहतो, आणि यंत्र समजतं की गोळी आलीच नाही. खेळापुरतं हे चालून जातं. हाच विचार डोंगरावर नेला तर?

तारा तुटल्या तरी लाल

१८७०मध्ये अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी नेमका हाच विचार रुळांवर आणला. पेनसिल्व्हेनियातल्या किंझुआ इथे त्यांनी बसवलेलं विजेचं मंडल, म्हणजे सर्किट, उघडं होतं. गाडी आली की प्रवाह सुरू व्हायचा आणि सिग्नल धोका दाखवायचा. त्यातली मेख त्यांच्याच लक्षात आली. तार तुटली किंवा बॅटरी संपली तर गाडी समोर उभी असताना सिग्नल मार्ग मोकळा असल्याचं सांगणार. त्यांनी मांडणी उलटी केली आणि १८७२मध्ये बंद मंडलाचं पेटंट घेतलं. आजचं ट्रॅक सर्किट ते हेच.

त्याची रचना कागदावर दोन ओळींत मावते. रुळांचा एक तुकडा शेजारच्या तुकड्यांपासून इन्सुलेशनच्या सांध्यांनी विजेपुरता वेगळा करायचा. एका टोकाला कमी दाबाचा पुरवठा, दुसऱ्या टोकाला रिले. रूळ मोकळा असेल तर प्रवाह एका रुळाने जातो, रिलेतून फिरून दुसऱ्याने परततो, आणि रिले उचललेला राहतो. गाडी आली की चाकं आणि आस दोन्ही रुळांना जोडतात, प्रवाह मधूनच परततो, रिले पडतो, सिग्नल लाल. बॅटरी संपली तरी रिले पडतो. तार चोरीला गेली तरी पडतो. रूळ आरपार तुटला तरी बहुधा पडतो. इथे शांततेचा अर्थ धोका असा ठरवलेला आहे. रिलेचा आर्मेचर खाली येतो तो गुरुत्वाकर्षणाने. घाटात गाडीला खाली ओढणारं बळ इथे रखवालदाराचं काम करतं.

बोरघाट बांधला गेला तेव्हा यातलं काहीच नव्हतं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या देखरेखीखाली १८५६मध्ये काम सुरू झालं. खंडाळा ते पुणे रेल्वे १८५८मध्येच धावू लागली होती, मधला घाट मात्र पालखीने किंवा तट्टावरून ओलांडावा लागे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये इथे येताच वारले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट पुढे चालवलं. पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल बांधून १८६३मध्ये मार्ग खुला झाला. चढ एवढा की खंडाळ्याजवळ एका ठिकाणी गाडीची दिशाच उलटावी लागे. इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्याला लावायचं. १८६९मध्ये ब्रेक निकामी झालेली एक गाडी या रिव्हर्सिंग स्टेशनच्या टोकावरून पुढे निघून गेली. नव्या बोगद्यांनी ही उलटापालट संपली ती १९२९मध्ये, घाटाचं विद्युतीकरण झालं त्याच वर्षी. त्यासाठी आणलेल्या स्विस धाटणीच्या बोजड मालवाहू इंजिनांना रेल्वेवाल्यांनी ‘खेकडा’ म्हणायला सुरुवात केली.

विजेवर गाड्या धावू लागल्या आणि स्विचांपुढे नवं संकट उभं राहिलं. १५०० व्होल्ट डीसीवर चालणाऱ्या इंजिनाचा परतीचा प्रवाह रुळांतूनच उपकेंद्राकडे जातो. त्याच रुळांत डीसी ट्रॅक सर्किट ठेवलं तर रिलेला आपला प्रवाह आणि इंजिनाचा प्रवाह यांतला फरक कळायचा नाही. रूळ मोकळा नसतानाही तो उचललेला राहू शकेल. म्हणून डीसीच्या मार्गावर एसी ट्रॅक सर्किटं वापरली जातात. अलीकडे हा मार्ग २५ हजार व्होल्ट एसीवर गेला, आणि तिथे हिशेब उलटा झाला. खबरेचा प्रवाह कामाच्या प्रवाहाहून वेगळ्या जातीचा असावा, हा धडा पिनबॉलही शिकला आहे. त्याच्या स्विचांच्या तारा आणि फ्लिपरच्या तारा निगुतीने वेगळ्या ठेवतात. फ्लिपरचा प्रवाह चुकून स्विचांच्या जाळीत शिरला तर पाटीवरच्या चिपा एका क्षणात जातात.

लोणावळ्याचा पाऊस आणि खोटा लाल

मावळात पाऊस मोजायला एक आकडा पुरत नाही. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पडतो. मळवली, कामशेत, वडगाव असं पूर्वेला सरकलं की तो झपाट्याने उतरतो, आणि तळेगाव ओलांडेपर्यंत भाताची खाचरं मागे पडलेली असतात. हा सगळा पट्टा एकाच लोहमार्गावर आहे, आणि स्विचांची दुखणी पावसाप्रमाणे बदलतात.

ट्रॅक सर्किटचा शत्रू खडी. कोरडी, स्वच्छ खडी दोन रुळांमध्ये वीज वाहू देत नाही. खडीत माती, कोळशाची भुकटी, डब्यांतून पडलेली घाण साचली आणि त्यावर आठवडाभर मुसळधार कोसळला की प्रवाह रुळातून रुळात झिरपू लागतो. रिलेपर्यंत पोहोचणारा प्रवाह घटतो, आणि गाडी नसताना रिले पडतो. स्टेशनातल्या पॅनेलवर तो तुकडा लाल दिसतो. स्टेशनमास्तरला तिथे गाडी आहे की नुसतं पाणी, हे पॅनेलवरून कळत नाही.

अशा वेळी सिग्नल विभागाचा मेंटेनर, रेल्वेच्या बोलीत ईएसएम, बाहेर पडतो. त्याची पद्धत पिनबॉलवाल्याचीच, फक्त फळी किलोमीटरभर लांब. आधी पुरवठ्याच्या टोकाला व्होल्टेज, मग रिलेच्या टोकाला. पुरवठ्याला ठीक आणि रिलेला कमी, म्हणजे गळती मध्ये. मग रुळावरून चालत ठिकठिकाणी मोजायचं. वाचन एकदम घसरलं तिथे थांबायचं. कधी इन्सुलेशनच्या सांध्यावर चाकांनी रेटलेल्या लोखंडाची किनार दुसऱ्या रुळाला टेकलेली असते. कधी लोखंडाचा एखादा तुकडा दोन्ही रुळांना शिवत असतो. कधी नुसताच चिखल. अचानक येणारा आणि जाणारा दोष सगळ्यांत छळतो. पिनबॉलमध्ये फळीखाली मूठ आपटून तो जागा करता येतो. इथे गाडीच्या धक्क्याची वाट पाहावी लागते.

उलट दिशेची चूक क्वचित होते, पण ती जास्त घातक. वापरात नसलेल्या फाट्यावर रुळांच्या माथ्यावर गंज चढतो. त्यावर हलकं वाहन आलं तर चाक आणि रूळ यांचा स्पर्श पुरेसा होत नाही, आणि गाडी उभी असूनही रिले उचललेला राहतो. रेल्वे या दोन चुकांना वेगळं तोलते. पहिल्या चुकीने गाड्या थांबतात, दुसरीने माणसं मरतात.

सांध्यांची परीक्षा याहून काटेकोर. सांधा हलवणाऱ्या यंत्रात मोटर असते आणि सांधा पूर्ण बसला की मिटणारे संपर्क असतात. नियम असा की सांध्याच्या जिभेच्या टोकापासून १५० मिलिमीटरवर, जीभ आणि मुख्य रूळ यांच्यामध्ये ५ मिलिमीटर जाडीचा तुकडा ठेवायचा आणि सांधा फिरवायचा. यंत्राने कुलूप लावता कामा नये, आणि सांधा लागल्याची खबर देता कामा नये. पाच मिलिमीटरची फट ज्या स्विचला खपते, तो स्विच नापास.

सांधा फेल झाला की स्टेशनात बसूनही बरंच कळतं. सांध्याच्या मोटरचा प्रवाह दाखवणारा काटा असतो. बटण दाबल्यावर काटा हललाच नाही तर पुरवठा किंवा तार. काटा वर जाऊन तिथेच राहिला तर सांध्यात काहीतरी अडकलं आहे आणि क्लच घसरतो आहे. घाटात तो बहुधा दगड. काटा नेहमीसारखा वर जाऊन खाली आला, तरी खबर नाही, तर मोटरने आपलं काम केलं आहे आणि दोष खबर देणाऱ्या संपर्कात आहे. एका काट्याने तीन शक्यता वेगळ्या होतात.

दगडांचा बंदोबस्त स्विचच्या हाती नसतो. पावसाळ्याआधी ‘हिल गँग’ नावाची पथकं दोरांनी कड्यांवर उतरून सैल दगड पाडतात. तरीही डोंगराला जे करायचं ते तो करतो. २०१९च्या पावसाने मंकी हिल ते नागनाथ यांच्यामधला मार्ग असा खचला की मुंबई-पुणे गाड्यांचं वेळापत्रक पुढे कित्येक आठवडे विस्कटलं.

एक तुकडा तार

दोन्ही यंत्रांचं शास्त्र इथवर हातात हात घालून आलं. आता ते वेगळं होतं. पिनबॉल दुरुस्त करणाऱ्याचं सगळ्यांत आवडतं हत्यार म्हणजे दोन टोकांना चिमटे लावलेली तुकडा तार. स्विच संशयास्पद वाटला की तारेने त्याला वळसा घालायचा. खेळ चालला तर स्विच दोषी. तुकडा तार खरी साक्ष काढून घेते आणि तिच्या जागी आपल्याला हवी ती साक्ष ठेवते. खेळात तेच हवं असतं. रुळांवर त्याच कृतीने गुन्हा घडतो.

१२ डिसेंबर १९८८ रोजी लंडनच्या क्लॅपहॅम जंक्शनपाशी एक प्रवासी गाडी दुसरीवर आदळून ३५ माणसं मेली. सिग्नल बदलण्याचं काम चालू होतं. नवी तार बसवताना जुनी तार एका टोकाला जोडलेलीच राहिली, आणि दुसरं टोक कापून बांधण्याऐवजी नुसतं बाजूला सारलं गेलं. पुढे त्याच खोलीत दुसरं काम करताना ती तार सरकून जुन्या जागी टेकली. रिलेला खोटा प्रवाह मिळत राहिला, आणि पुढे गाडी उभी असताना सिग्नल मोकळा राहिला. अँथनी हिडन यांच्या चौकशीत आढळलं, की ते काम करणाऱ्या तंत्रज्ञाला तेरा आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती, आणि काम झाल्यावर तारा मोजून पाहण्याची स्वतंत्र तपासणी झालीच नव्हती.

आपल्याकडे २ जून २०२३ रोजी ओडिशातल्या बहानगा बाजारला कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला, पण सांधा लूप लाइनला लागलेला होता आणि तिथे मालगाडी उभी होती. जवळजवळ तीनशे माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालाने बोट ठेवलं ते सिग्नलच्या तारांमध्ये पूर्वी केलेल्या फेरफारावर आणि फाटकाचा विजेचा अडसर बदलताना झालेल्या चुकांवर. पेटीतल्या तारांवरच्या चिठ्ठ्या बरीच वर्षं चुकीच्या होत्या. वर्षभरापूर्वी, मे २०२२मध्ये, त्याच खडगपूर विभागात चुकीच्या जोडणीने तसाच प्रकार घडला होता. तेव्हा अपघात टळला, आणि धडाही टळला.

दोन्ही ठिकाणी रॉबिन्सन यांचं तत्त्व शाबूत होतं. शांततेचा अर्थ धोकाच होता. पण दुरुस्तीच्या हाताने शांत व्हायला हवं होतं त्याला बोलतं ठेवलं. स्विच आपणहून खोटं बोलला तर सुरक्षित बाजूने बोलेल, अशी त्याची घडण असते. माणसाने त्याच्या तोंडी घातलेलं खोटं कुठल्याही बाजूचं असू शकतं.

म्हणून यंत्र उघडण्याआधी मेंटेनरने स्टेशनमास्तरला लेखी डिस्कनेक्शन द्यायचं, आणि काम तपासून झाल्यावर लेखी रिकनेक्शन, असा नियम आहे. मधल्या काळात सांधा विजेवर चालत नाही. क्रँक हँडलने हाताने फिरवायचा, क्लॅम्प आणि कुलूप लावायचं, आणि ड्रायव्हरला लेखी परवाना द्यायचा. या काळात गाड्या रांगेने उभ्या राहतात, आणि मेंटेनरच्या डोक्यावर फोन वाजत राहतो. लवकर आटपा, असं सांगणारा प्रत्येक आवाज नकळत त्या तुकडा तारेची शिफारस करत असतो.

खोट्या लालाचीही किंमत असते. सिग्नल वारंवार विनाकारण पडू लागला की माणसं त्याला सरावतात. लाल म्हणजे पाणी झिरपलं असेल, असं मनात बसतं. प्रत्येक खोट्या लालानंतर काम यंत्राकडून माणसाच्या स्मरणशक्तीवर आणि लेखी चिठ्ठीवर येतं, आणि तिथे चुकायला वाव जास्त. खडीची सफाई, इन्सुलेशनचे सांधे, पेटीतल्या चिठ्ठ्या ही कामं कंटाळवाणी आहेत, पण सिग्नलवरचा विश्वास त्यांनीच टिकतो.

पिनबॉलवाल्याची दुरुस्ती संपते ती त्याने स्वतः एक डाव खेळल्यावर. दुरुस्त करणारा आणि तपासणारा एकच असला तरी तिथे बिघडत नाही. सांध्याचं तसं नाही. एकाने रुळापाशी उभं राहून जीभ कुठे टेकली ते पाहायचं, दुसऱ्याने पॅनेलवर काय दिसतं ते वाचायचं, आणि दोघांचं जुळल्यावरच सही करायची. यासाठी दोन माणसं लागतात, आणि मार्ग काही तास गाड्यांना बंद ठेवावा लागतो. मुंबई-पुण्यासारख्या गर्दीच्या मार्गावर काटछाट सुरू झाली की पहिला घाला या दोन गोष्टींवर पडतो. प्रवासी संघटना लोकलच्या फेऱ्या मागतात, जलद गाड्यांचे थांबे मागतात, वेळापत्रक मागतात. त्या यादीत देखभालीच्या ब्लॉकचे तास आणि सिग्नल विभागातल्या रिकाम्या जागा भरण्याची मागणीही असायला हवी. घाटातून उतरणाऱ्याला तिची गरज फेऱ्यांइतकीच आहे.